बाक, नळ, पार आणि रोज तिथे येणारा माणूस : रस्त्यावर सार्वजनिक सोयी कशा बसवाव्यात

प्रश्न असा आहे : "आमच्या नगरपरिषदेला बाजारपेठेतला १८ मीटर रुंद आणि साधारण ९०० मीटर लांब रस्ता नव्यानं करायला निधी मिळाला आहे. नुसतं डांबर न टाकता बाकं, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, फेरीवाल्यांना जागा, ज्येष्ठांसाठी कट्टा, मुलांना खेळणी, वाचनालय असं सगळं द्यावं अशी मागणी आहे. मी तिथे कनिष्ठ अभियंता आहे. एवढ्या रुंदीत हे कसं बसवायचं, आणि बसवलेलं टिकावं म्हणून काय करायचं?"

१८ मीटर पुष्कळ झाले. गेली बावीस वर्षं मी रस्त्यांचे आराखडे करतो आहे, थोडे पुण्यात आणि बरेचसे पश्चिम महाराष्ट्रातल्या लहान शहरांत. जागा अपुरी म्हणून एखादी सोय फसली, असं मी फार थोड्या वेळा पाहिलं. फसतात त्या उद्घाटनानंतरच्या सोमवारी. त्या दिवशी तिथे झाडायला, कुलूप उघडायला, तोटी गळतेय हे बघायला कोणी नेमलेलं नसतं. म्हणून मापांकडे नंतर येतो. आधी दोन नळांची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

साधारण बारा वर्षांपूर्वी एका शहरात आम्ही एकाच रस्त्यावर दोन पाणपोया बांधल्या. नकाशा एकच : काळ्या दगडाचा ओटा, स्टीलच्या तीन तोट्या, खाली जाळी, जाळीखाली पाइप. पहिली बसथांब्याशेजारी, कारण तिथे गर्दी जास्त आणि सगळ्यांनी तीच जागा सुचवली होती. दुसरी कोपऱ्यावर, एका फुलवाल्या मावशींच्या पथारीला लागून. तिथे जागा उरली होती, एवढंच कारण. पहिलीच्या जाळीत महिनाभरात गुटख्याच्या पुड्या आणि चहाचे कप अडकले. पाणी साचलं, शेवाळ धरलं. एक आजी घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तोट्या दोनदा चोरीला गेल्या, तिसऱ्यांदा पाइपात लाकडाची खुंटी ठोकून ती कायमची बंद केली. आज त्या ओट्यावर मोबाइलची कव्हरं विकायला मांडलेली असतात.

दुसरी अजून चालू आहे. मावशींना फुलं ताजी ठेवायला दिवसातून चार-पाच वेळा पाणी लागतं. जाळी तुंबली की पाणी त्यांच्याच पथारीखाली येतं. म्हणून पहाटे आल्या आल्या त्या आधी जाळी उचलतात, हातानं पाकळ्या आणि कचरा काढतात, खराट्यानं ओटा घासतात आणि मग गोणपाट अंथरतात. त्यांना कोणी नेमलेलं नाही. मध्यंतरी गेलो तर एका तोटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. मला बघितल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "साहेब, वायसर बदलायला माणूस पाठवा, आठ दिवस सांगतेय मी."

तेव्हापासून माझ्या आराखड्यात एक रकाना वाढला. नकाशावरच्या प्रत्येक वस्तूपुढे, मग ते बाक असो, नळ असो, दिवा असो की झाड, ती रोज कोण बघणार याचं नाव लिहायचं. "आरोग्य विभाग" किंवा "संबंधित ठेकेदार" असं लिहिलेलं मी धरत नाही. मुकादम कोण, त्याच्या हाताखालच्या कोणत्या पाळीत हे काम येणार, वस्तू बिघडली तर फोन कुणाला, इतकं नेमकं. आणि कोणाचंच नाव सापडत नसेल तर ती वस्तू नकाशातून काढून टाकायची. तुमच्या यादीतल्या निदान दोन गोष्टी अशा गळतील. गळू द्या. बंद पडलेली सोय नसलेल्या सोयीपेक्षा वाईट असते, कारण पुढच्या वेळी कुणी मागायला गेलं की "दिलं होतं, लोकांना नीट वापरता आलं नाही" असं उत्तर मिळतं.

आता रस्त्याकडे वळू. पेन्सिल हातात घेण्याआधी एक आठवडा रस्ता नुसता बघा. बाजाराचा दिवस, साधा दिवस आणि रविवार. पहाटे पाच, दुपारी दोन आणि रात्री नऊ. तुमचा रस्ता आजही लोकांना पुष्कळ सेवा देतो आहे, फक्त त्या कुठल्या नकाशावर नाहीत. चहाच्या टपरीवर पिंपातलं पाणी फुकट मिळतं. रसवंतीच्या बाकड्यावर एसटी येईपर्यंत बायका बसतात. चांभार, किल्लीवाला, पंक्चरवाला, छत्री दुरुस्त करणारा, अर्ज भरून देणारा, हे सगळे सेवाच देतात. मंडळाचा काळा फळा असतो, त्याच्यावर उद्या पाणी येणार नाही इथपासून कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता निघणार इथपर्यंत सगळं खडूनं लिहिलेलं असतं. आमची सवय अशी की नूतनीकरणाच्या नावाखाली आधी हे सगळं उचलायचं आणि मग पन्नास मीटरवर तेच स्टीलमध्ये बनवून बसवायचं. या आठवड्यात एवढंच करा : रस्ता आज काय काय देतो, ते कोण देतं आणि त्याला काय अडतं, हे वहीत उतरवा. पिंपवाल्याला पाणी लांबून आणावं लागत असेल तर त्याच्या टपरीजवळ नळ देणं ही तुमची पाणपोई झाली. सांभाळणाऱ्याचं नाव शोधायची गरजच उरणार नाही.

हे काही नवं नाही. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचं पाणी झाकलेल्या बांधीव नळातून, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं होतं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते, म्हणजे हवा खेळावी आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकावा. बांधतानाच साफ करायची वाट ठेवलेली, हे मला त्या सगळ्या कामात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. काळा हौद, नाना हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावं त्या व्यवस्थेची. काही नावं आज फक्त चौकाला उरली आहेत. मुंबईत जुन्या दगडी प्याऊ आहेत. त्यांतल्या कित्येकींना वर माणसांसाठी तोट्या आणि खाली गुरांसाठी कुंड असे. वरचं सांडलेलं पाणी खाली जनावराच्या तोंडी लागायचं, चिखल होत नसे.

पण हौदाची आठवण काढली की दुसरी गोष्टही सांगायला हवी. हौद रस्त्यावर होते, तरी ते सगळ्यांचे नव्हते. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. शंभर वर्षांनंतरही, १९७०च्या दशकात, बाबा आढावांना एक गाव एक पाणवठा ही चळवळ चालवावी लागली. आराखडा करताना मी हा इतिहास डोक्यात ठेवतो. सार्वजनिक सोय म्हणजे जी वापरताना कुणाला विचारावं लागत नाही, कुणाच्या नजरेला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून ती सोसायटीच्या फाटकाला, देवळाच्या पायरीला किंवा एखाद्या पक्षाच्या शाखेच्या दाराला चिकटवू नका. दोन पावलं मोकळी ठेवा. फुलवाल्या मावशींच्या शेजारचा नळ चालतो याचं हेही एक कारण आहे : मावशी तिथे असतात, पण नळ त्यांचा नाही आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

मापं आता. तुमच्या बाजारपेठेत दोन्ही दिशांना मिळून ७ मीटर गाडीरस्ता पुरे, त्यात बस आणि ट्रक आरामात जातात. उरले ११, म्हणजे बाजूला साडेपाच-साडेपाच. या साडेपाचात तीन पट्टे पाडा. दुकानांना लागून एक मीटर, ज्यात पायऱ्या, पाट्या, बाहेर टांगलेला माल आणि काचेतून बघणारे लोक सामावतात. ही पट्टी सोडली नाही तर दुकानदार ती चालणाऱ्यांच्या वाट्यातून घेणारच. मग अडीच मीटर निव्वळ चालण्यासाठी. आणि गाडीरस्त्याला लागून दोन मीटरचा सोयींचा पट्टा : झाडं, दिवे, बाकं, नळ, हातगाड्या, बसथांबा, दुचाकींच्या खाचा, डीपी म्हणजे वीज वाटणारी पेटी, सगळं या एका ओळीत. इंडियन रोड्स काँग्रेसची १०३ क्रमांकाची संहिता किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी मोकळी वाट मागते, बाजारपेठेत अडीच. त्या अडीचमध्ये एक कुंडीसुद्धा ठेवू देऊ नका, सुशोभीकरणाची तर मुळीच नाही. कडेचा दगड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. उंच असला की म्हातारी माणसं खाली रस्त्यावरूनच चालतात आणि मग "फूटपाथ कुणी वापरत नाही" असं म्हणायला आपण मोकळे. उतरण एकास बाराची, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबी. ती मोजून घ्या, ठेकेदाराचा मिस्त्री डोळ्यांनी अर्ध्यात बसवतो आणि व्हीलचेअर उलटते.

जमिनीखालचं काम मी वरच्यापेक्षा महत्त्वाचं मानतो. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९७०च्या दशकात रेकॉन्डो कंपनीनं तो केला, दहा वर्षांची हमी दिली आणि पुढची कित्येक वर्षं त्याला खड्डा पडला नाही. लोक डांबराचं कौतुक करतात. मी पाण्याच्या निचऱ्याचं करतो. रस्त्यावरचं पाणी रस्त्यावर राहिलं नाही की रस्ता टिकतो, आणि हाच न्याय बाकाला, पाराला, पाणपोईला लागू आहे. बंगळूरूनं टेंडरशुअर या रस्तेसुधारणेच्या योजनेत वीज, पाणी, टेलिफोन, सगळं पदपथाखालच्या डक्टमध्ये, म्हणजे बंदिस्त नळीमार्गात, नेलं, ठरावीक अंतरावर चेंबर ठेवले, म्हणजे पुढे केबल टाकायची तर फरशी फोडावी लागत नाही. तुम्हाला तेवढा खर्च झेपणार नसेल तर निदान प्रत्येक तीस मीटरवर रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवा आणि त्यांची नोंद मोजमाप पुस्तकात करा. आज ज्या ठिकाणी सोय नाही तिथे पाच वर्षांनी नळ किंवा दिवा लागला तर पाइप तयार असेल. सोयींच्या पट्ट्यात जिथे नळ, स्वच्छतागृह किंवा खाद्यपदार्थांच्या गाड्या येणार तिथे तीन गोष्टी जमिनीतून वर आलेल्या हव्यात : पाणी, वीज आणि सांडपाण्याचं तोंड. यातलं तिसरं नेहमी विसरतं. भजीवाला उष्टं पाणी पावसाळी गटारात ओततो तो वाईट माणूस म्हणून नव्हे, त्याला दुसरी जागाच ठेवलेली नसते म्हणून.

फेरीवाल्यांचं आधी ठरवा आणि मग बाकीचं. २०१४चा पथविक्रेता कायदा स्पष्ट आहे : सर्वेक्षण झाल्याशिवाय आणि प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असले पाहिजेत, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. समिती कागदावरच असेल तर निविदेच्या आधी ती बसवा, नाहीतर काम अर्ध्यात असताना न्यायालयातून स्थगिती येते. आखणी करताना सगळ्यांना एका मापात कोंबू नका. भाजीची पथारी, हातगाडी आणि चांभाराची पेटी यांना वेगवेगळी जागा लागते. हातगाडीला साधारण सव्वा मीटर बाय दोन मीटर, शिवाय मागे उभं राहायला अर्धा-पाऊण मीटर, म्हणजे तुमचा दोन मीटरचा पट्टा तिला नेमका पुरतो. गाडी रस्त्याला समांतर लावायची आणि गिऱ्हाईक पदपथाच्या बाजूनं. गिऱ्हाईक गाडीरस्त्याच्या बाजूला आलं की दुचाकी तिथेच थांबतात आणि वाहतूक तुंबते. भाजीवाल्या बायकांना तुम्ही विचाराल तर पहिली मागणी छपराची येणार नाही, स्वच्छतागृहाची येईल. पहाटे चारला घर सोडलेलं असतं, दुपारपर्यंत पाणी न पिता बसतात. हे मला एकदा एका बाईंनी सांगितलं तेव्हा मी नकाशा गुंडाळून ठेवला आणि स्वच्छतागृहापासून पुन्हा सुरुवात केली.

त्यामुळे स्वच्छतागृहावर जरा जास्त लिहितो. माझी सगळ्यात मोठी चूक याच बाबतीत झालेली आहे. एका बाजाराच्या रस्त्यावर मी बायकांचं दार बोळाच्या बाजूला काढलं. हेतू चांगला होता, आडोसा मिळावा. बोळात दिवा होता, पण तो सहा महिन्यांत गेला. संध्याकाळनंतर तिथे कोणी फिरकेना. राखणदारानं मग त्या भागात पोती ठेवायला सुरुवात केली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. वर्षभर ते स्वच्छतागृह कागदावर चालू आणि बायकांसाठी बंद होतं. मी वर्षभर तिकडे गेलो नाही, ही त्याच्याहून मोठी चूक. आता मी दार मुख्य रस्त्याकडेच काढतो, उजेडात. आडोसा देतो तो दारासमोर खांद्याएवढ्या भिंतीनं, म्हणजे आतलं दिसत नाही पण आत-बाहेर करणारी बाई सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, सुरक्षित राहते. शेजारी दिवसभर माणसं असणारी गोष्ट हवी : दूधडेअरी, औषधाचं दुकान, रिक्षाथांबा नव्हे.

जागा ड्रेनेजच्या चेंबरवरून ठरवा. आधी चेंबरची खोली मोजा, उतार मिळतो का बघा, आणि मग इमारत. उलट केलं की सेप्टिक टाकी येते, टाकी भरते, उपसायला गाडी वेळेवर येत नाही आणि एक दिवस पाटी लागते. सकाळी सहा ते रात्री दहा चालवायचं तर रोज दोन पाळ्या, आठवड्याच्या चौदा. माणूस आठवड्यात सहा पाळ्या करतो. सुट्ट्या-आजारपण धरून तीन माणसं लागतात. एका माणसाच्या पगाराची तरतूद करून सोळा तास चालणारं स्वच्छतागृह कुठेही मिळत नाही, तरी अंदाजपत्रकात मला नेहमी एकच माणूस दिसतो. राखणदारासाठी खोली द्या, निदान बसायची जागा, पंखा आणि डबा ठेवायला फळी. आणि दराचं बघा. पुष्कळ ठिकाणी पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे असा प्रकार चालतो. मुंबईतली राइट टू पी ही चळवळ याच अन्यायाविरुद्ध उभी राहिली. तुमच्या ठेक्याच्या अटीत बायकांना लघवीसाठी शुल्क नाही हे लिहा, त्याची भरपाई नगरपरिषदेनं करावी. बांधायला जागाच नसेल तर पुण्यात जुन्या बसगाड्यांमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं उभी केली गेली, तो मार्गही बघण्यासारखा आहे. पण बसलाही पाणी, ड्रेनेज आणि माणूस लागतोच.

बाकांचं सोपं आहे. बैठक ४५ सेंटीमीटर उंच, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात. हात नसले की गुडघे दुखणारा माणूस बसू शकतो पण उठू शकत नाही. दुपारी चार वाजता सूर्य पश्चिमेला असतो, म्हणजे झाडाची सावली पूर्वेला पडते. बाक खोडाच्या पूर्वेला ठेवा. स्टीलची बाकं एप्रिलमध्ये विदर्भातच काय, साताऱ्यातही चटका देतात. दगड किंवा लाकूड वापरा. आणि सलग दहा बाकांची रांग मांडू नका, रेल्वे स्टेशनसारखं दिसतं आणि तिथे कोणी बोलत नाही. दोन बाकं काटकोनात ठेवली की गप्पा होतात.

झाड आणि पार यांचा विषय मात्र सोपा नाही. पार बांधायचा म्हणून खोडाभोवती दीड-दोन फूट भराव घालून वर काँक्रीट ओततात, ग्रॅनाइट लावतात. खोडाचा जमिनीलगतचा भाग मातीत गाडला गेला की तो कुजायला लागतो, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर झाड वादळात आडवं होतं. मग झाडच धोकादायक होतं असा अहवाल लिहितात. जुना पार दगडांचा असे, कोरडा रचलेला, फटींतून पाणी आणि हवा जाई. तसाच करा : खोडापासून निदान एक मीटर माती उघडी, मूळ पातळी तीच, आणि भोवती सुटी दगडी बैठक. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीसाठी झाडांभोवतीचा एक मीटरचा भाग काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं, तेच माप आपल्याकडे धरायला हरकत नाही. नवी झाडं लावताना दीड बाय दीड मीटरचा खड्डा आणि ताम्हण, करंज, कडुनिंब, बहावा अशी आपली झाडं. गुलमोहर दिसतो देखणा, पण त्याच्या फांद्या मोडतात. बाजाराच्या रस्त्यावर, हातगाड्यांच्या डोक्यावर तो नको.

वाचनालयाला इमारत लागत नाही. पत्र्याचं छप्पर, भिंतीला तिरकी फळी, दोन बाकं आणि सकाळी सहाला चार वर्तमानपत्रं लावून रात्री काढणारा माणूस, इतकं पुष्कळ चालतं. पुण्या-मुंबईत अशी वाचनालयं मंडळांनी आणि पक्षांच्या शाखांनी चालवलेली आहेत. सकाळी सातला तिथे निवृत्त माणसं उभ्यानं पान वाटून घेतात, अग्रलेख एकाकडे, बाजारभाव दुसऱ्याकडे. फक्त शाखेच्या दारापासून थोडं दूर, हे वर सांगितलंच. खेळण्यांबद्दल माझं मत असं की बाजारपेठेत घसरगुंडीपेक्षा उंचवटे, ओंडके, उडी मारायच्या फरशा बऱ्या. आई भाजी घेताना मूल पाच मिनिटं रमतं आणि मोडायला काही नसतं. आणि गणपती, नवरात्र, दहीहंडी यांच्या मंडपांसाठी आधीच खाचा ठेवा : ठरलेल्या जागी जमिनीत पक्के पाइप, वर झाकण. नाहीतर दर भाद्रपदात तुमच्या नव्या फरशीला पहार लागणार. मंडळांच्या कार्यकर्त्यांना नकाशावर बसवून जागा ठरवा. ते आनंदानं येतात, मंडप किती बाय किती हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

जंगली महाराज रस्ता पुन्हा एकदा, कारण तो तुम्ही प्रत्यक्ष जाऊन बघावा. २०१६ मध्ये पुणे महापालिकेनं शहरातल्या रस्त्यांसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं केली आणि त्यानंतर या रस्त्याचे पदपथ नव्यानं झाले : रुंद चालवाट, जुनी झाडं राखून त्यांच्याखाली बैठका, मुलांसाठी खेळायच्या जागा. संध्याकाळी आजी-आजोबांना नातवंडांबरोबर तिथे रमलेलं बघितलं की मला हा धंदा पत्करल्याचं समाधान वाटतं. पण दुचाकी पदपथावर चढतात, हेही तिथेच दिसेल. खांब लावून तो प्रश्न सुटत नाही. व्हीलचेअर जावी म्हणून खांबांमध्ये १.२ मीटर अंतर ठेवावंच लागतं, आणि त्यातून मोटारसायकल सहज निघते. दुचाकींना सोयींच्या पट्ट्यात, दुकानांच्या जवळ, पुरेशा खाचा मिळाल्या की त्रास निम्म्यानं कमी होतो. उरलेला निम्मा वाहतूक पोलिसाच्या रोजच्या फेरीनंच कमी होतो, आणि तिथेही रकान्यात नाव लागतं.

पैशाचं एक सांगून ठेवतो. दोषदायित्व कालावधी, म्हणजे बांधकामातले दोष ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत, ही देखभाल नव्हे. फरशी उखडली तर ठेकेदार बसवून देईल, पण तिच्यावरची पिचकारी तो धुणार नाही. म्हणून निविदेतच तीन वर्षांची चालवणूक वेगळी बाब म्हणून घाला, दर महिन्याला वस्तूंची तपासणी करून मगच बिल. मी बांधकाम खर्चाच्या दरवर्षी ५ टक्के मागतो. मिळतात त्याहून कमी. जेवढे मिळतील तेवढ्यातच बसणाऱ्या सोयी नकाशात ठेवतो. जिथे जमेल तिथे काम शेजारच्यांना द्या : बचतगटाला स्वच्छतागृह, विक्रेत्यांच्या गटाला त्यांच्या पट्ट्याची झाडलोट, पैसे देऊन. पुण्यात हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये कष्टाची भाकर सुरू केली. राबणाऱ्या माणसांना परवडेल असं जेवण, आणि ते चालवलं राबणाऱ्यांच्याच संघटनेनं. इतकी वर्षं ते टिकलं. रस्त्यावरची सोय चालवायला कोण योग्य असा प्रश्न आला की मला तेच आठवतं.

आणि निविदा काढण्याआधी एक दिवस रस्त्यावरच नकाशा काढा. क्रिकेटच्या मैदानावर मारतात तीच फक्की घ्या, दोरी घ्या, रिकामी पिंपं मागवा. एका रविवारी १०० मीटरच्या तुकड्यात तिन्ही पट्टे खरोखरच्या मापात आखा : पिंपं म्हणजे झाडं, खुर्च्या म्हणजे बाकं, एका चौकोनात "स्वच्छतागृह" असं लिहा. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन पाळतात. त्यामागचा विचार हाच, की माणसांना कागद वाचण्यापेक्षा चालून लवकर कळतं. तुम्हाला पूर्ण रस्ता बंद करायचीही गरज नाही, ७ मीटर वाहतुकीला उघडे ठेवा आणि दुकानदारांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या की ट्रक जातो. दिवसभरात तुमच्या नकाशात दहा बदल होतील आणि ते सगळे फुकट असतील. आमच्या एका रस्त्यावर बसथांबा अशाच दिवशी बारा मीटर पुढे सरकला. जुन्या जागी बस थांबली की शाळेच्या फाटकातून मुलं थेट तिच्या पुढून पळत येत होती, आणि हे फाटकाशी बसणाऱ्या बोरं-चिंचावाल्या आजीनं दाखवलं.

फक्की मारायची ती पहाटे साडेचारला. त्या वेळी भाजीच्या गाड्या उतरतात आणि कोण नेमकं कुठे बसतं ते दिसतं. आदल्या संध्याकाळी विक्रेत्या बायकांना सांगून ठेवा. दोरीचं दुसरं टोक धरायला त्यांच्यातलीच कोणीतरी लागेल.